ढोलाविना म्हणायचं गाणं

एब्लाच्या जिभेला एके काळी सोमालियातलं सबंध किस्मायो वचकून असायचं. कुणाच्या लग्नात मटण कमी पडलं, कुणी बायकोला उगाच माहेरी धाडलं, कुणी मोठ्या घरची सून झाल्यावर जुन्या मैत्रिणींना ओळख देईनाशी झाली, की बायका एकमेकींना म्हणायच्या, "जपून गं बाई, एब्लाच्या कानावर गेलं तर बुरांबुरात सापडशील." आणि एकदा तिच्या बुरांबुरात माणूस सापडलं, की गाव सोडून गेलं तरी सुटका नाही. बायकांची कविता ती. कागदावर नसते, तोंडात असते, आणि बायकांची तोंडं कुठे नसतात?

रचायची एब्ला, पण म्हणायची तिची धाकटी बहीण अंबरो. आमच्याकडे ही रीतच आहे. रचणारीचा गळा गोड असेलच असं नाही, म्हणून पाठ करून म्हणणारी वेगळी असते. एब्ला कपडे धुता धुता एकेक ओळ पुटपुटायची आणि अंबरो ते दोरीवर टाकता टाकता ती ओळ उचलायची. एकदा ऐकलं की झालं. एका बुरांबुरात एकच अक्षर धरायचं असतं, ओळीओळीत ते यायलाच हवं. एब्लाचं लाडकं अक्षर द. अंबरो वैतागायची, "अगं, बाकीच्या अक्षरांनी तुझं काय घोडं मारलंय?" एब्ला म्हणायची, "तू म्हण, अक्कल शिकवू नकोस." असं त्यांचं चालायचं.

मग लढाई आली. किस्मायोची माणसं मिळेल त्या होडीने केनियातल्या मोंबासाकडे पळाली. पुढच्या होडीत अंबरो आणि तिची दोन लेकरं चढली. एब्लाला जागा झाली नाही, ती मागच्या होडीत बसली. मागची होडी पोचली. पुढची पोचली नाही.

निर्वासितांच्या छावणीत, तंबूच्या दाराशी बसून, एब्लाने बहिणीचं बुरांबुर रचलं. तेही द धरूनच. आता मेल्या माणसाच्या बुरांबुराला ढोल लावत नाहीत. टाळी नाही, नाच तर नाहीच नाही. बायका गुडघे पोटाशी घेऊन बसतात आणि ऐकतात, बस्स. एब्लाने ते पहिल्यांदा म्हटलं तेव्हा आसपासच्या बायकांच्या तव्यावरच्या भाकऱ्या जळून गेल्या, कुणाला भान राहिलं नाही. त्यातली एक ओळ तर अशी की मोठमोठे पुरुषही तोंड फिरवून निघून जायचे:

"दर्या रे, दिवस बुडाला, दार अजून उघडंच; दिलेलं दे परत, म्हणत दारात मी उभी."

एब्ला नंतर म्हणायची, आयुष्यात मी एकच खरं काम केलं, ते हे. बाकी सगळं लोकांची चेष्टा.

तिथून ती अमेरिकेत, मिनियापोलिसला आली, आमच्या टॉवरमध्ये. इथे बर्फ, लिफ्टमध्ये लघवीचा वास आणि खिडकीतून दिसणारी मिसिसिपी. नवरा काही दिवस राहिला, मग कामाच्या निमित्ताने ओहायोला गेला आणि तिथेच दुसरं घर करून बसला. त्याच्यावर एब्लाने एक बुरांबुर केलं, ते ओहायोतही पोचलं म्हणतात. तो विषय तेवढाच. मागे राहिली ती एक लेक, इलवाद.

एब्लाला काम मिळालं म्हाताऱ्या गोऱ्या माणसांना सांभाळायचं. सकाळी एक घर, संध्याकाळी दुसरं. त्यामुळे तिचं इंग्रजी म्हणजे काय, तर गोळ्या, आंघोळ, वळा, उठा, दुखतंय का. त्या इंग्रजीत बाईने वीस वर्षं काढली आणि तिला कधी काही कमी पडलं नाही. पोरगी मात्र दिवसभर पाळणाघरात, मग शाळेत, मग टीव्हीसमोर. शाळेतली बाई म्हणाली, घरीही इंग्रजीच बोला, मूल मागे पडेल. एब्लाने मान डोलावली. आणि खोटं कशाला बोलायचं, तिला अभिमानच होता! एवढीशी इलवाद दवाखान्यात डॉक्टरशी फडाफडा इंग्रजी बोलायची, आईचं दुखणं समजावून सांगायची. बाहेर आल्यावर एब्ला शेजारणीला म्हणायची, "पाहिलंस का? आपल्याला जन्मात जमलं नाही ते हिने चार वर्षांत केलं." तेव्हा कुणाला कळत होतं की पोरीच्या तोंडात एक भाषा भरतेय ती दुसरीला बाहेर ढकलून.

इलवाद मोठी झाली. गुणी पोर, उगीच नाव ठेवायला जागा नाही. बँकेत नोकरी, डोक्यावर नीट पदर, आईला गाडीने कामावर सोडायची, आणायची. पण सोमाली? चहा हवा का, भूक लागली, दार लाव, उद्या येते, एवढंच. आमच्याकडे आई लेकरालाही 'आई' म्हणूनच हाक मारते. लेक आईला "हूयो" म्हणते आणि आईही लाडाने लेकीला "हूयो"च म्हणते. तो एक शब्द दोघींकडे सारखा होता. दिवसातून शंभरदा वापरायच्या बिचाऱ्या. त्यापुढे गाडी गेली की एब्ला सोमालीत, इलवाद इंग्रजीत, आणि मध्ये हातवारे.

एब्ला एका मिसेस हॉल्वर्सनला सांभाळायची, नव्वदीच्या पुढची नॉर्वेजियन म्हातारी. जेवायच्या आधी ती हात जोडून काहीतरी पुटपुटायची, ते इंग्रजी नव्हे. एकदा एब्लाने विचारलं, याचा अर्थ काय? म्हातारी हसली, म्हणाली, "कोण जाणे. आजी म्हणायची, म्हणून मी म्हणते." एब्लाने घरी येऊन हा किस्सा शमसोला रंगवून सांगितला. शमसो म्हणजे तिची छावणीपासूनची मैत्रीण, उंचीमुळे सगळे तिला लंबू शमसो म्हणतात. दोघी पोट धरधरून हसल्या. "देवाला तरी कळतं का गं ती काय मागते ते?" शमसो म्हणाली.

मग एब्लाच्या गळ्यात गाठ निघाली. गाठ काढली, बाई वाचली, पण आवाज गेला. अगदी गेला नाही. बोलताना घोगरा, चिरका निघायचा, पण एक सूर धरून चार ओळी म्हणायच्या तर तिसऱ्या ओळीला नुसती हवा. दवाखान्यातून आल्यावर तिने न्हाणीघराचं दार लावलं आणि बहिणीचं बुरांबुर म्हणून पाहिलं. दर्यापर्यंतही पोचता आलं नाही. बाहेर आली तेव्हा शमसो चहा करत होती.

"शमसो, ते माझ्याबरोबर जाणार गं," एब्ला म्हणाली.

"काय जाणार?"

"अंबरोचं. आता ते माझ्याशिवाय कुणाच्या तोंडात नाही."

"मला येतं की अर्धं."

"तुला काल काय खाल्लं ते आठवत नाही, तू कसली म्हणतेस! आणि तूही माझ्याच वयाची. आपण दोघी गेलो की संपलं. अंबरो एकदा मेली, आता परत मरणार."

शमसोने चहा ओतला. मग म्हणाली, "इलवादला शिकव की. गळा तिचा अंबरोसारखाच आहे. पोरीने अख्खं कुराण पाठ केलं होतं, एक अक्षर अरबी कळत नसताना. हे तर त्यामानाने चिल्लर."

ही गोष्ट एब्लाच्या डोक्यात बसली. खरंच होतं ते. आमची सगळी पोरं शनिवार-रविवारी कुराणाच्या शाळेत डोलत डोलत पाठ करतात, अर्थ न कळता, आणि अचूक करतात. इलवाद तर पहिली आली होती. मग आईची कविता का नाही पाठ होणार?

इलवादला विचारलं तर ती आनंदाने उडालीच. इंग्रजीत म्हणाली, "खरंच? मला शिकवशील? माझ्या सगळ्या मैत्रिणी म्हणतात आपल्याला आपलं काही येत नाही." आणि मग मोडक्या सोमालीत, आईच्या गालाला हात लावून, "हूयो, मी... खूप आनंद आहे. तू सांगणं, मी बोलणं."

एब्लाच्या डोळ्यांत पाणी आलं. पोरगी इतक्या वर्षांत पहिल्यांदा आपल्याकडे काहीतरी मागत होती.

शिकवणी गाडीत चालायची. सकाळी पुलावरून कामाला जाताना एब्ला एक ओळ घोगऱ्या आवाजात म्हणायची, इलवाद तीच ओळ गोड करून परत द्यायची. फोनमध्ये भरूनही घेतलं सगळं. पहिल्याच आठवड्यात अर्धं आलं. उच्चार थोडे इंग्रजाळलेले, पण सूर! एब्ला खिडकीकडे तोंड करून बसायची, कारण डोळे मिटले की शेजारी अंबरोच गाडी चालवतेय असं वाटायचं.

अर्थ सांगायचा तिने प्रयत्न केला. "दर्या" सांगितलं, इलवाद म्हणाली, हां, समुद्र. पण पुढे? पुढच्या ओळीत ऊद जळून गेल्यावर डबीत वास उरतो ना, तो कुणाचा म्हणायचा, असं विचारलंय. हे गोळ्या-आंघोळीच्या इंग्रजीत कसं सांगायचं? एब्ला म्हणाली, "डबी. वास. नाही कोणी." इलवादने मान हलवली, समजल्यासारखी. एब्लाला कळलं की ती नुसतीच हलवलीय.

"हूयो, काही नाही," इलवाद इंग्रजीत म्हणाली. "आधी पाठ करते, अर्थ नंतर शिकेन." तरुण माणसांना नंतर भरपूर असतं.

हिवाळाभर हेच एक बुरांबुर घोटून झालं. आणि तेवढ्यात हमदीचं लग्न निघालं. हमदी म्हणजे एब्लाच्या भावाची मुलगी. आत्याने बुरांबुर म्हटलं नाही तर लग्न कसलं? एब्लाने पंधरवड्यात नवं रचलं. सवयीचं द अक्षर, सवयीची सुरुवात. सुरुवातीच्या चार ओळी, देवाचं नाव आणि आपल्या घराण्याचं नाव, ती प्रत्येक बुरांबुराला त्याच लावायची. त्यापुढे दारी दिवे, दुधाने भरलेले द्रोण, दहा दिशांनी आलेल्या सख्या. नवरीचं नाव घ्यायचं नाही, आडून सांगायचं, ही तिची जुनी पद्धत.

"हूयो, हे हमदीच्या लग्नात तू म्हणायचं," तिने इलवादला सांगितलं.

"मी? सगळ्यांसमोर?"

"मग काय भिंतीसमोर?"

इलवाद घाबरली, हरखली, पाठाला लागली. नवंही तिला आठवड्याभरात आलं. लग्नाच्या आदल्या दिवशी तिने ते गाडीत धडाधड म्हणून दाखवलं, एक अक्षर चुकलं नाही. एब्ला म्हणाली, "वा गं माझी राणी!" आणि हेही म्हणाली की ढोल मीच वाजवणार. गळा गेला, हात तर आहेत.

लग्नाचा बायकांचा कार्यक्रम शहराबाहेरच्या हॉलमध्ये होता. झिरझिरीत दिराक नेसलेल्या बायका, सोनं, ऊद, सांबुस्यांची ताटं, पोरींचे फोन. पुढच्या दोन रांगांत आमच्यासारख्या जुन्या, गुडघे धरून बसलेल्या. बाकी सगळ्या पोरी. शमसोने एब्लाला कोपर मारलं, "आज परीक्षा तुझी की पोरीची?" एब्ला म्हणाली, "गप बस, नजर लावशील." तिने ढोल मांडीत घेतला.

इलवाद उभी राहिली. हिरवा दिराक, हातावर मेंदी. तिने माइक तोंडाजवळ आणला. एब्लाने ठेका धरला आणि पोरीने तोंड उघडलं. देवाचं नाव. घराण्याचं नाव. पहिल्या चार ओळी अशा खणखणीत गेल्या की मागच्या पोरींनी शिट्ट्या मारल्या. पुढच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "अगं, ही तर अंबरो!"

पाचव्या ओळीला इलवाद वळली. हिवाळाभर जी वाट घोटली होती, त्या वाटेला. तिला कळलंही नाही. कळणार कसं? शब्द सारेच अनोळखी, द तोच, चाल तीच. तिच्या लेखी ती बरोबरच चालली होती.

"दर्या रे..."

एब्लाचा हात अर्धा वर गेला तो तिथेच राहिला. शमसोने तोंडावर शाल ओढली. पुढच्या दोन रांगांतल्या टाळ्या एकेक करून थांबल्या. सगळ्या जणी छावणीतल्या, सगळ्यांचं कुणी ना कुणी त्या पाण्यात गेलेलं. लग्नाच्या हॉलमध्ये, मेंदी लावलेल्या नवरीसमोर, मेलेल्यांचं बुरांबुर! याहून मोठा अपशकुन कोणता?

ठेका चुकला म्हणून इलवादने आईकडे पाहिलं. चेहरा भेदरलेला. काय चुकलं, असं विचारणारा.

आता तुम्हीच सांगा, आईने काय करायचं? ढोल थांबला असता तर पोरगी दोनशे बायकांसमोर तिथेच मोडली असती. पुन्हा जन्मात तिने सोमालीत तोंड उघडलं नसतं. एब्लाचा हात खाली आला. तिने ठेका धरला, पहिल्यापेक्षा जोरात. बहिणीच्या मरणाला तिने स्वतःच्या हाताने ढोल लावला.

पोरी उठल्या. गोल केला, दिराकचे पदर दोन्ही हातांनी धरले, कमरा हलवत पुढे आल्या. "दिलेलं दे परत" म्हणताना इलवादचा आवाज असा चढला की पोरींनी आनंदाने किलकाऱ्या मारल्या. हमदी खुर्चीवरून उतरून नाचायला आली. पुढच्या दोन रांगा रडत होत्या. पोरींनी त्यांचेही व्हिडिओ काढले. एक जण म्हणाली, "बघा ना, आज्या किती खूश झाल्यात!"

संपल्यावर इलवाद धावत आली, घामाने डबडबलेली, डोळे चमकत होते. "हूयो! बरोबर? सगळं बरोबर?"

एब्लाने तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं. "बरोबर," ती म्हणाली. "सगळं बरोबर, हूयो."

कोट चढवताना शमसोने तिला गाठलं. शमसो चिडली की तिचा आवाज अजून बारीक होतो. "तू वाजवलंस. मी पाहिलं, तू वाजवलंस."

"मग काय करू? पोरीला सगळ्यांसमोर उघडी पाडू?"

"माझा भाऊ त्या होडीत होता, एब्ला."

"माझी बहीण होती."

"मग उद्या तरी सांग पोरीला. नाहीतर लक्षात ठेव, हे इथे थांबायचं नाही."

थांबलं नाहीच. व्हिडिओ फिरला. टॉवरमधल्या पोरी लिफ्टमध्ये ती चाल गुणगुणायला लागल्या. टोरांटोची कुणी, लंडनची कुणी, हे लग्नाचं गाणं कुठे मिळेल म्हणून विचारू लागल्या. लग्नाचं गाणं! इलवादला एका मैत्रिणीच्या लग्नात म्हणायचं बोलावणं आलं. पोरगी इतकी खूश मी कधी पाहिली नव्हती. घरात सोमाली बोलायचा प्रयत्न करायला लागली. "हूयो, आज मी भात शिजवणं आहे," असं काय काय. एब्लाला हसूही यायचं आणि शमसोचे शब्दही आठवायचे.

एका रविवारी तिने ठरवलं, आज सांगायचं. इलवाद ओट्याशी कांदा चिरत होती. एब्लाने सुरी तिच्या हातातून काढून घेतली आणि खुर्चीत बसवलं. आधी सोमालीत म्हणाली, सोपे सोपे शब्द घेऊन. मग इंग्रजीत, जेवढं होतं तेवढं. "हे गाणं, लग्न नाही. अंबरो. पाणी. मेली. तिची मुलं मेली. हे गाणं तिचं. ढोल नाही. नाच नाही."

इलवादचा चेहरा उतरला. कळलं तिला. एवढं न कळण्याइतकी ती परकी नव्हती. तिने आईचे दोन्ही हात धरले. एब्लाला वाटलं, झालं, पोचलं.

मग इलवाद इंग्रजीत बोलायला लागली, हळू, आईला कळावं म्हणून. "हूयो, तू आधी का नाही सांगितलंस? हे अंबरो मावशीबद्दल आहे? किती सुंदर. मिसेस हॉल्वर्सन गेल्या तेव्हा आपण अंत्यविधीला गेलो होतो, आठवतं? त्यांची आवडती गाणी लावली होती. सगळे हसत होते, केक होता. तू म्हणाली होतीस, काय लोक आहेत. पण हूयो, ते प्रेमच होतं. माणसाची आठवण आनंदाने काढायची. मग आता तर मी प्रत्येक लग्नात म्हणणार. मावशी प्रत्येक लग्नाला येईल. ती नाचेल आपल्याबरोबर."

आणि ती रडायला लागली. खरंखुरं, मनापासून. आईच्या खांद्यावर डोकं ठेवून.

एब्ला तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. तिला सांगायचं होतं की अंबरो नाचत नाहीये. अंबरोला गाडलंच नाही, तिच्या अंगावर कुणी मूठभर माती टाकली नाही, ही कविता हीच तिची माती. त्यावर पाय द्यायचा नसतो. छावणीतल्या बायकांना हे सांगावं लागलं नव्हतं, भाकरी जळू देऊन त्या नुसत्या बसल्या होत्या. हे सगळं एब्लाच्या जिभेवर आलं, तिच्या स्वतःच्या भाषेत, अगदी द धरून आलं. पण समोर ऐकणारी कोण? ज्या जिभेला गाव वचकायचं, ती आपल्या एकुलत्या एका लेकीपुढे मुकी झाली.

"हो ना, हूयो?" इलवादने डोळे पुसत विचारलं.

नाही म्हटलं तर पोरगी हे सोडून देईल, आणि ते कायमचं जाईल. हो म्हटलं तर राहील, पण असं राहील. एब्लाने अर्धा चिरलेला कांदा पुढे ओढला.

"हो," ती म्हणाली.

मैत्रिणीचं लग्न पुढच्या हिवाळ्यात झालं, त्याला शमसो आली नाही. आमच्यातलं कुणीच गेलं नाही, गुडघे, थंडी, जे सुचलं ते कारण सांगितलं. मीही नाही गेले. त्यामुळे पुढचं एब्लाने मला जसं सांगितलं तसं सांगते.

जाताना गाडीत इलवाद म्हणाली, "हूयो, मधली एक लांब ओळ आहे ना, तिथे नाचणाऱ्यांचा ताल अडतो. मैत्रिणी म्हणाल्या, ती काढ. मी काढली. चालेल ना?"

एब्लाने विचारलं, कुठली?

इलवादने ती ओळ शेवटची एकदा म्हणून दाखवली, गोड आवाजात, एकही उच्चार न चुकता. दिलेलं दे परत, म्हणत दारात मी उभी. गाडी तेव्हा पुलावर होती, खाली नदी गोठलेली.

हॉलमध्ये सगळ्या पोरीच होत्या. पुढच्या रांगाही त्यांच्याच. त्यांनी एब्लाला मानाने बसवलं, चहा दिला, आजी आजी केलं, आणि ढोल मांडीत दिला. ते बुरांबुर काय आहे हे त्या सबंध हॉलमध्ये जाणणारी आता ती एकटीच होती. इलवाद उभी राहिली, आईकडे पाहून हसली. एब्लाने ठेका धरला. पोरी गोल करून पुढे आल्या. गाळलेल्या ओळीची जागा आली तेव्हा एब्लाने ती आपल्या फाटक्या गळ्याने म्हणायचा प्रयत्न केला. ओठ हलले, बाहेर हवाच आली. शेजारच्या पोरीला वाटलं आजीला ठसका लागला. तिने पाण्याचा ग्लास पुढे केला.